डिझाइनचं सोवळं की चालणारा कोड? ओपन सोर्समधल्या जुन्या वादावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्समध्ये नव्याने आलेले विद्यार्थी आणि नोकरी सांभाळून पॅच (कोडमधले बदल) पाठवणारे डेव्हलपर हे प्रश्न नेहमी विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि त्याच्या शेजारपाजारची आहेत. तीस वर्षांहून जास्त काळाचा हिशेब तिथे उघड्यावर आहे. कोणता निर्णय कधी घेतला आणि त्याची किंमत पुढे कोणी मोजली, हे कोणालाही तपासता येतं.

हा वाद नेमका कशावरून आहे?

एक बाजू म्हणते, रचना आधी नीट ठरवा, थर वेगळे ठेवा, नियमाला अपवाद करू नका, कारण आजची तडजोड उद्या अंगाशी येते. दुसरी बाजू म्हणते, आज चालेल असं काहीतरी लोकांच्या हातात द्या, रचनेत काय चुकलं ते वापरातून कळेलच. कंपनीत असा वाद झाला की शेवटी साहेब निकाल देतो. ओपन सोर्समध्ये साहेब नसतो. ज्याला पटत नाही तो पॅच पाठवणं थांबवतो किंवा सरळ फोर्क करतो, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढतो. त्यामुळे इथे भांडणं उघडपणे, नावानिशी आणि कधी कधी दहा-दहा वर्षं चालतात.

माझं मत आधीच सांगितलेलं बरं. सोवळं पाळायचं की नाही यापेक्षा ते कुठे पाळायचं हा प्रश्न मोठा आहे. प्रकल्पाच्या आत राहिलेला शॉर्टकट पुढे फेडता येतो. जो शॉर्टकट वापरणाऱ्याच्या हातात पडतो, म्हणजे सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायच्या ठरलेल्या रीतीत), फाइल फॉरमॅटमध्ये किंवा प्रोटोकॉलमध्ये शिरतो, तो जवळजवळ कायमचा होतो. खालची बहुतेक उत्तरं याच फरकाभोवती फिरतात.

टॅननबाउम आणि टोरवाल्ड्स यांच्यात काय झालं होतं?

अँड्र्यू टॅननबाउम ॲमस्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठात प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम आतून बघता यावी म्हणून त्यांनी १९८७ मध्ये मिनिक्स लिहून प्रसिद्ध केली. मिनिक्सची रचना मायक्रोकर्नलची: गाभा अगदी लहान, आणि फाइल सिस्टिम, मेमरी वगैरे कामं वेगळ्या प्रोग्रॅमकडे, जे एकमेकांना निरोप पाठवून काम उरकतात. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवलं की आपण छंद म्हणून इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर चालणारी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम करतो आहोत. तिचा कर्नल एकसंध होता, सगळं एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये.

२९ जानेवारी १९९२ रोजी टॅननबाउम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचं जाहीर लिहिलं. त्यांचे आक्षेप दोन. पहिला, एकसंध कर्नल म्हणजे १९७० च्या दशकाकडे परत जाणं. दुसरा, एकाच प्रोसेसरला बांधलेली सिस्टिम फार काळ टिकत नाही. तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, या डिझाइनला मी चांगले गुण दिले नसते, अशा अर्थाचंही त्यांनी पुढे लिहिलं.

टोरवाल्ड्सचं पहिलं उत्तर तापट होतं आणि सुराबद्दल त्याने नंतर माफी मागितली. त्या उत्तरातला एक भाग मात्र वाद सांगताना बहुतेक लोक गाळतात. सिद्धांताच्या आणि सौंदर्याच्या दृष्टीने लिनक्स हरतो, हे त्याने तिथेच मान्य केलं होतं. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा कर्नल आदल्या वसंतात तयार असता तर आपण हे काम हाती घेतलंच नसतं, असंही त्याने लिहिलं. त्याचा मुद्दा एवढाच होता की तो कर्नल तयार नव्हता आणि लिनक्स आत्ता हातात होता.

शिवाय त्याने मिनिक्समधली एक ठोस अडचण दाखवली. मिनिक्सची फाइल सिस्टिम एका वेळी एकच विनंती हाताळायची. एक प्रोसेस संथ फ्लॉपीची वाट बघत बसली की बाकीच्यांचंही डिस्कचं काम अडायचं. लहान पीसीवर एका वेळी एकच काम चालतं, त्यासाठी कोड गुंतागुंतीचा करण्यात अर्थ नाही, असं टॅननबाउम यांचं म्हणणं. वर्गात शिकवण्यासाठीच्या सिस्टिमला ते लागूही पडतं. पण टोरवाल्ड्सला त्याच पीसीवर रोजचं काम करायचं होतं.

मग टॅननबाउम चुकले का?

अंदाज चुकले, विचार नाही. १९९५ मध्ये लिनक्सची १.२ आवृत्ती आली तेव्हा तो अल्फा, स्पार्क आणि मिप्स या इतर प्रोसेसरवरही चालत होता. ज्या ३८६ ला तो बांधलेला असल्याची तक्रार होती, त्या ३८६ चा आधारच कर्नलमधून पुढे काढून टाकला गेला, २०१३ च्या ३.८ आवृत्तीत. म्हणजे पोर्टेबिलिटीचा (वेगवेगळ्या प्रोसेसरवर चालण्याचा) आक्षेप टोरवाल्ड्सच्या गटाने कृतीतून मान्य केला आणि निस्तरलाही.

मायक्रोकर्नलचं म्हणाल तर ती कल्पना मेलेली नाही. अनेक गाड्यांमध्ये क्यूएनएक्स ही मायक्रोकर्नलची सिस्टिम चालते. एसईएल४ हा कर्नल त्याच्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच वागतो हे २००९ मध्ये गणिती पुराव्याने सिद्ध झालं. असा पुरावा शक्य झाला कारण तो कर्नल सुमारे ८,७०० ओळींचा आहे. कोट्यवधी ओळींच्या लिनक्सबाबत तसा विचारही करता येत नाही. आणि २०१७ मध्ये सगळ्यांना कळलं की इंटेलच्या चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिनात मिनिक्सच आहे. एवढ्या संगणकांमध्ये आपली सिस्टिम चालते, हे टॅननबाउम यांनाही तेव्हाच समजलं.

खुद्द लिनक्सही हळूहळू काही कामं कर्नलबाहेर नेत गेला. २००५ मध्ये फ्यूज आलं आणि फाइल सिस्टिम साध्या प्रोग्रॅमसारखी लिहिता येऊ लागली. मायक्रोकर्नलवाले हेच तर सांगत होते. फरक असा की लिनक्सने ती सोय जिथे गरज पडली तिथेच घेतली.

ग्नू हर्ड का मागे पडलं?

ग्नू प्रकल्पाची घोषणा १९८३ ची. कंपायलर, एडिटर, शेल वगैरे तयार होत गेलं आणि शेवटी कर्नल उरला. १९९० मध्ये हर्डचं काम सुरू झालं, कार्नेगी मेलनच्या माक या मायक्रोकर्नलवर. अपेक्षा अशी की गाभा आयता मिळतोय, वर सर्व्हर (बाकीची कामं करणारे वेगळे प्रोग्रॅम) लिहिले की काम झालं. पण एकमेकांना निरोप पाठवणारे अनेक थ्रेडवाले सर्व्हर डीबग करणं फारच अवघड निघालं. एकसंध कर्नलमध्ये चूक झाली तर ती कुठल्या तरी एका जागी सापडते. इथे चूक तीन सर्व्हरांच्या मधल्या वेळेत लपायची. हर्डवर आजही काम चालू आहे, पण १.० आवृत्ती आलेली नाही.

हर्डवाल्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. वापरणाऱ्याला परवानगी न मागता स्वतःची फाइल सिस्टिम जोडता यावी, हे त्यांचं ध्येय उत्तम होतं. पण अर्धवट हर्ड रोजच्या कामाला उपयोगी नव्हतं, म्हणून वापरणारे आले नाहीत. वापरणारे नाहीत म्हणून बग कळवणारे नाहीत आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिणारेही नाहीत. अर्धवट लिनक्स मात्र पहिल्या वर्षापासून कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडत होता.

म्हणजे लिनक्स हा नुसता जुगाड का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

१९९६ मध्ये लिनक्स २.० आला आणि एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर चालू लागला. आता दोन प्रोसेसर एकाच वेळी कर्नलच्या आत शिरले तर एकमेकांचा डेटा बिघडवणार. शास्त्रशुद्ध उपाय असा की प्रत्येक डेटा स्ट्रक्चरला स्वतःचं कुलूप लावायचं. ते काम प्रचंड होतं. म्हणून संपूर्ण कर्नलला एकच कुलूप लावलं, बिग कर्नल लॉक. एका वेळी एकच प्रोसेसर आत, बाकीचे दाराशी. प्रोग्रॅम बहुतांश वेळ कर्नलच्या बाहेर असतील तर दोन प्रोसेसरच्या यंत्रावर हे निभावत होतं.

या कुलपाच्या दोन सवयी विचित्र होत्या. एकाच प्रोसेसला ते कितीही वेळा लावता यायचं. आणि प्रोसेस झोपली की ते आपोआप सुटायचं, जागी झाली की परत लागायचं. सोय म्हणून हे छान, पण कुठल्या कोडला नेमकं कशापासून संरक्षण मिळतंय हे वाचून कळायचं नाही. कुलूप काढलं तर काय फुटेल याची खात्री कोणालाच देता येत नव्हती.

ते काढायला पंधरा वर्षं लागली. आधी नेटवर्क, फाइल सिस्टिम अशा गर्दीच्या जागांना बारीक कुलुपं आली. ड्रायव्हरांचं एक मोठं दुखणं होतं आयऑक्टल, म्हणजे ड्रायव्हरला खास आज्ञा देण्याचा सिस्टिम कॉल: त्यातून जाणारा प्रत्येक कॉल हे मोठं कुलूप लावून जायचा. सगळे ड्रायव्हर एका दिवसात बदलणं अशक्य. म्हणून २००५ मध्ये २.६.११ आवृत्तीत जुन्या फंक्शनशेजारी अनलॉक्ड आयऑक्टल नावाचं दुसरं फंक्शन ठेवलं. ज्या ड्रायव्हरच्या लेखकाने आपला कोड तपासला तो नव्या फंक्शनवर जाई, बाकीचे जुन्यावर राहत. एकेक करून सगळे सरकले, मग जुनं फंक्शन काढलं. उरलेली साफसफाई आर्न्ड बर्गमन यांनी चिकाटीने पूर्ण केली आणि मे २०११ मध्ये २.६.३९ आवृत्तीतून ते कुलूप कायमचं गेलं. जुनं आयऑक्टल केव्हाच गेलं तरी कर्नलच्या कोडमध्ये ‘अनलॉक्ड’ हे नाव अजून तसंच आहे. नवीन मुलं विचारतात की लॉक्ड कुठे आहे.

कुलूप बाहेरून कोणाला दिसतच नव्हतं. ते आलं तेव्हा सिस्टिम कॉल बदलले नाहीत, गेलं तेव्हाही नाहीत. म्हणून पंधरा वर्षांनी का होईना, ते फेडता आलं. याला मी जुगाड म्हणणार नाही, हे विचारपूर्वक घेतलेलं कर्ज होतं.

रिअल-टाइमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत हमखास प्रतिसाद देण्याच्या सोयीचं, कामही असंच चाललं. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४-०५ च्या सुमारास सुरू केलेला पॅचसंच तुकड्या-तुकड्याने मुख्य कर्नलमध्ये जात राहिला आणि २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत ती सोय अधिकृत झाली. वीस वर्षं. घाईने काम उरकणाऱ्यांच्या हातून हे होत नाही.

‘युजरस्पेस मोडायचं नाही’ हा लिनक्सचा नियम म्हणजे सोवळंच नाही का?

आहेच, आणि कडक आहे. युजरस्पेस म्हणजे कर्नलच्या बाहेर चालणारे प्रोग्रॅम. काल चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालला नाही तर दोष कर्नलचा, मग प्रोग्रॅम कितीही वाईट लिहिलेला असो. डिसेंबर २०१२ मध्ये एका मीडिया ड्रायव्हरमधल्या बदलाने आवाजाशी संबंधित प्रोग्रॅम बिघडले. त्या भागाची देखभाल करणाऱ्या मेंटेनरने प्रोग्रॅमकडे बोट दाखवलं, तेव्हा टोरवाल्ड्सने त्याला जाहीरपणे झापलं. ती भाषा अपमानास्पद होती. एकूणच आपल्या बोलण्याबद्दल त्याने २०१८ मध्ये माफी मागितली आणि काही काळ बाजूलाही राहिला. नियम मात्र बरोबर आहे आणि तो आजही पाळला जातो.

याच कर्नलच्या आत नेमकी उलट रीत आहे. ड्रायव्हर ज्या अंतर्गत फंक्शनांवर उभे असतात ती कधीही बदलू शकतात, आणि कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी हे धोरण कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. जो बदल करेल त्याने कर्नलमधले सगळे वापर दुरुस्त करून द्यायचे. बाहेर शब्द पक्का, आत हात मोकळे. कर्नलच्या बाहेर स्वतःचा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या कंपन्यांना या रीतीचा त्रास होतो आणि त्यांच्या इंजिनिअरांची चिडचिड मला समजते. पण आतले हात बांधले असते तर ते मोठं कुलूप आजही तिथेच असतं.

शॉर्टकट खरोखर महागात पडला, असं कुठे झालं?

तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं जुन्या युनिक्समधलं. प्रोग्रॅम एखाद्या सिस्टिम कॉलमध्ये अडकलेला असताना सिग्नल (मध्येच येणारी सूचना) आला तर काय करायचं? नीटस उत्तर असं की कर्नलने सिग्नल उरकावा आणि कॉल आपला आपण पुढे चालू ठेवावा. कर्नलमध्ये ते लिहिणं कठीण होतं. युनिक्सवाल्यांनी सोपा मार्ग घेतला: कॉल ईआयएनटीआर ही एरर देऊन परत येईल, प्रोग्रॅमने पुन्हा प्रयत्न करावा. १९९० च्या सुमारास लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगतातले रिचर्ड गेब्रियल यांनी हेच उदाहरण घेऊन दोन विचारसरणींमधला फरक मांडला. अंमलबजावणी सोपी ठेवणारे जिंकतात, हे त्यांचं निरीक्षण खरं ठरलं. पण बिल कोणी भरलं ते बघा. कर्नलमधल्या थोड्या ओळी वाचल्या आणि जगभरच्या सी प्रोग्रॅमरांना प्रत्येक रीड, म्हणजे वाचण्याच्या, कॉलभोवती लूप लिहावा लागला. बरेच जण विसरले. पायथनने हे ओझं प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून काढलं ते ३.५ आवृत्तीत, २०१५ मध्ये.

दुसरं, वेळ. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजायचे ठरलं. ते मोजमाप १९ जानेवारी २०३८ ला संपतं. हा आकडा कर्नलच्या आत असता तर कधीच बदलला असता. पण तो सिस्टिम कॉलमध्ये, डिस्कवरच्या फॉरमॅटमध्ये आणि प्रत्येक लायब्ररीत शिरला होता. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी नवे सिस्टिम कॉल जोडावे लागले आणि मार्च २०२० मधला ५.६ हा त्यासाठी तयार असलेला पहिला कर्नल. या कामातही बर्गमन पुढे होते. त्यानंतर डेबियन या लिनक्स वितरणाला २०२४ मध्ये ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरसाठी असंख्य पॅकेजं पुन्हा बांधावी लागली.

तिसरं सगळ्यात दुःखद. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफीच्या पॅकेजमध्ये मेमरी तपासणाऱ्या साधनाचा इशारा बंद करण्यासाठी कोड निष्क्रिय केला गेला. त्याच कोडमधून रँडम आकड्यांसाठीची अनिश्चितता आत येत होती. मागे उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं तोवर असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या कमकुवत झालेल्या होत्या. चालतंय ना, एवढ्यावर भागवायचं नसतं अशी काही क्षेत्रं असतात आणि क्रिप्टोग्राफी त्यातलं पहिलं. इथे बिघडलेला कोडही अगदी छान चालताना दिसतो.

तत्त्वनिष्ठांचा इशारा खरा ठरला, असं कधी झालं का?

झालं. २००२ पासून लिनक्स कर्नलचा कोड बिटकीपर या एका कंपनीच्या मालकीच्या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात सांभाळला जात होता. साधन चांगलं होतं आणि कर्नलवाल्यांना फुकट मिळत होतं. ग्नू प्रकल्प सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी तेव्हाच विरोध केला: मुक्त सॉफ्टवेअरचा कारभार दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका. अनेकांनी तो हटवादीपणा मानला. डेव्हलपर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारं साधन लिहायला घेतलं, त्यावरून बिनसलं, आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट परवाना बंद झाला. कर्नलवाल्यांच्या हातात काहीच उरलं नाही.

टोरवाल्ड्सने त्याच महिन्यात गिट हे बदली साधन लिहायला घेतलं आणि जूनमधला २.६.१२ हा गिटमधून निघालेला पहिला कर्नल ठरला. गिट आतून बघण्यासारखं आहे. प्रत्येक फाइल, प्रत्येक डिरेक्टरी आणि प्रत्येक कमिट (नोंदवलेला बदल) तिच्या मजकुराच्या हॅशवरून, म्हणजे मजकुरातून काढलेल्या ठशावरून, ओळखली जाते, बस. एवढी स्वच्छ कल्पना एखाद्या कर्मठ डिझायनरलाही आवडावी. याउलट, वापरायच्या आज्ञा जशा सुचल्या तशा जोडल्या गेल्या. चेकआउट ही एकच आज्ञा ब्रँचही बदलायची आणि फाइलही परत आणायची. २०१९ मध्ये स्विच आणि रिस्टोर अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या, तरी चेकआउट काढता आलेलं नाही आणि कधी काढता येईल असं वाटतही नाही.

जीसीसी मागे पडून एलएलव्हीएम पुढे आला, तो हट्टामुळे का?

अर्धं उत्तर हो. जीसीसी या ग्नूच्या कंपायलरचे (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचे) आतले भाग सुटे करून दिले तर कंपन्या त्यांना आपले बंद भाग जोडतील, ही स्टॉलमन यांची भीती होती. म्हणून कंपायलरची रचनाच बाहेरच्याला जोडता येऊ नये अशी ठेवली गेली. भीती निराधार नव्हती. नेक्स्ट कंपनीला ऑब्जेक्टिव्ह-सीचा भाग बंद ठेवून जीसीसीसोबत द्यायचा होता, आणि परवान्यावर ठाम राहिल्यामुळेच तो कोड सगळ्यांना मिळाला.

पण एडिटरला कोड समजून घ्यायला मदत करणारी साधनं ज्यांना लिहायची होती त्यांचंही दार त्यामुळे बंद झालं. २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर यांनी सुरू केलेला एलएलव्हीएम हा कंपायलर प्रकल्प लायब्ररी म्हणून वापरता येतो. २००५ मध्ये तो ग्नूकडे सोपवण्याचा प्रस्ताव होता आणि तो मेल स्टॉलमन यांच्या नजरेतून सुटला. त्यांना हे २०१५ मध्ये कळलं तेव्हा ते हादरले. जीसीसीने प्लगइनची सोय २०१० मध्ये दिली. तोवर बरीच मंडळी दुसरीकडे गेली होती. परवाना राखणं योग्यच होतं, पण त्याची राखण करायला तांत्रिक रचना जुंपली ती चूक, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिस्टमडीबद्दल काय?

सिस्टमडी म्हणजे लिनक्स चालू होताना सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा. एका प्रोग्रॅमने एकच काम करावं या युनिक्सच्या शिकवणीविरुद्ध ते आहे, हा आक्षेप. खरा आहे. पण शेल स्क्रिप्टच्या ढिगातून सर्व्हिस सुरू करणंही काही नीटस नव्हतं, आणि मेलेली सर्व्हिस परत उठवणं, तिचे सगळे प्रोसेस एकत्र धरणं ही कामं कोणीतरी करायलाच हवी होती. डेबियनच्या तांत्रिक समितीत २०१४ मध्ये मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी डेबियन फोर्क करून देवुआन काढलं.

या सगळ्याचा मराठीशी काही संबंध येतो का?

थेट येतो. तुम्ही हे अँड्रॉइडवर, क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये वाचत असाल तर ही जोडाक्षरं बहुधा हार्फबझ या ओपन सोर्स इंजिनाने जुळवली आहेत. २०१२ मध्ये बेहदाद एस्फाबोद यांनी त्यातला भारतीय लिप्यांचा भाग नव्याने लिहिला. स्पेसिफिकेशन उपलब्ध होतं, पण ते अपुरं होतं. आणि फाँट बनवणारे आपला फाँट विंडोजवर नीट दिसतो का, एवढंच बघत आले होते. म्हणून हार्फबझने मायक्रोसॉफ्टचं इंजिन काय करतं हेच प्रमाण धरलं, आणि विकिपीडियातून काढलेल्या भल्यामोठ्या शब्दयाद्या दोन्ही इंजिनांतून फिरवून फरक शोधले. कर्मठ माणूस म्हणेल, दुसऱ्याचे बग कशाला उचलायचे? पण पर्याय हा होता की हजारो जुने फाँट मोडके दिसावेत. देवनागरीसाठी ओपनटाइप या फाँट फॉरमॅटचे जुना आणि नवा असे दोन टॅग आहेत. हार्फबझ दोन्ही सांभाळतं.

शब्द पडद्यावर बरोबर दिसला म्हणजे भागलं असं मात्र नाही. ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यातला ऱ्य घ्या. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. दुसरा प्रकार युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून ठेवला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आत अक्षरं वेगळी, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (समान रूपं एक करण्याची रीत) त्यांना एक करत नाही. त्यामुळे एका कीबोर्डवर टाइप केलेलं ‘कऱ्हाड’ दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर साध्या शोधात सापडत नाही. लाखो दस्तऐवजांत दोन्ही प्रकार जाऊन बसले आहेत. आता मराठी शोध, शुद्धलेखन तपासणी किंवा शब्दकोश लिहिणाऱ्याने आपल्याकडेच दोन्हींना एका रूपात आणायला हवं. मराठीसाठी काही लिहीत असाल तर ही एक गोष्ट पहिल्या दिवशी करा.

कर्नलमध्ये रस्ट आणणं हे सोवळं की व्यवहार?

डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून रस्ट ही नवी प्रोग्रॅमिंग भाषा कर्नलमध्ये आहे आणि दोन्ही बाजू व्यवहाराचीच भाषा बोलतात. एक म्हणते मेमरीच्या चुका मुळातच टाळा, दुसरी म्हणते दोन भाषांतला कोड आम्ही सांभाळायचा कसा. आतले हात मोकळे ठेवण्याची जी रीत वर सांगितली, तिच्यावर दुसऱ्या भाषेच्या बाइंडिंगमुळे (दोन भाषा जोडणाऱ्या कोडमुळे) भार पडतो हे खरं आहे. माझा कल रस्टकडे आहे, पण मेंटेनरांची काळजी नुसता जुनाटपणा म्हणून उडवून लावणं चूक आहे.

माझा पॅच काम करतो, तरी ‘डिझाइन पटत नाही’ म्हणून नाकारला. आता काय करू?

आधी शोधा की आक्षेप आतल्या रचनेवर आहे की बाहेर दिसणाऱ्या इंटरफेसवर. इंटरफेसवर असेल तर तो गांभीर्याने घ्या, कारण तो इंटरफेस पुढची वीस वर्षं कोणीतरी सांभाळणार आहे.

अँड्रॉइडच्या वेकलॉकचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. फोन झोपायला निघाला आणि नेमका त्याच क्षणी कॉल आला तर तो निसटू नये, यासाठी गूगलच्या लोकांनी वेकलॉक केले. ते लाखो फोनमध्ये चालतही होते. २००९ मध्ये त्यांनी ते मुख्य कर्नलला देऊ केले तेव्हा इंटरफेसवर कडाडून विरोध झाला. पुढच्या वर्षी ‘सस्पेंड ब्लॉकर’ असं नाव बदलून पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. कोंडी फोडली राफाएल विसॉत्स्की यांनी. मूळ अडचण खरी आहे, झोप आणि जाग यांच्यात शर्यत आहे, हे मान्य करून त्यांनी आधी ती शर्यत मिटवणारी लहानशी सोय कर्नलमध्ये घातली. तिच्यावर बांधत २०१२ च्या ३.५ आवृत्तीत अँड्रॉइडला पुरेल अशी यंत्रणा आली. म्हणून पॅच पुन्हा पाठवताना ‘आमच्याकडे हे चालतं’ यावर भर देऊ नका. अडचण स्वतंत्रपणे, कोडशिवाय समजावून सांगा. दुसऱ्या कोणाकडून वेगळा उपाय आला तर तोही स्वीकारायची तयारी ठेवा.

तत्त्वावर उभा असलेला प्रकल्प वाकला तर त्याने तत्त्व सोडलं असं म्हणायचं का?

कसा वाकला ते बघा. मुक्त नसलेलं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारा कोड) डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. परिणामी नव्या लॅपटॉपवर वायफायच चालायचं नाही, आणि लोक कुठून तरी दुसरी इन्स्टॉलर इमेज शोधून आणायचे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते आत घेतलं आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते मिळतं. पण त्याला वेगळा विभाग दिला. काय मुक्त आहे आणि काय नाही याची सीमा पुसली नाही, आणि ते बंद करायची सोयही ठेवली. उघडपणे, मत घेऊन, अपवादाला नाव देऊन केलेली ही तडजोड मला प्रामाणिक वाटते.

मी छोटा प्रकल्प सुरू करतोय. किती डिझाइन आधी करावं?

जे दुसऱ्याच्या हातात जाणार ते नीट करा: फाइल फॉरमॅट, कमांड लाइनचे पर्याय, लायब्ररीच्या सार्वजनिक फंक्शनांची नावं, एरर कशी कळवायची ते. फॉरमॅटमध्ये पहिल्या दिवसापासून आवृत्ती क्रमांक ठेवा. त्याला एक बाइट लागतो. बाकी आतलं हवं तसं लिहा, फक्त टेस्ट बाहेरून, म्हणजे वापरणारा जसं वापरेल तशा लिहा. म्हणजे उद्या आतला कोड संपूर्ण पाडून बांधला तरी टेस्ट तशाच राहतील.

वापरणारे दहाच आहेत म्हणून चूक तशीच ठेवू नका. मेक या कोड बांधणाऱ्या साधनात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करण्याचा जाचक नियम राहिला तो याच कारणाने: लेखकाला चूक कळली तेव्हा जेमतेम डझनभर लोक मेक वापरत होते आणि त्यांचा खोळंबा नको म्हणून तो थांबला. १.० च्या आधी इंटरफेस बदलायचा असेल तर बदलून टाका, आणि वापरणाऱ्यांना तसं रीडमीमध्ये आधीच सांगा.

मेंटेनर म्हणून शॉर्टकट स्वीकारला तर काय लिहून ठेवावं?

कमिट संदेशात तीन गोष्टी: योग्य उपाय कोणता होता, तो आत्ता का केला नाही, आणि हा शॉर्टकट काढायचा झाला तर कुठल्या फाइल्सना हात लावावा लागेल. तिसरी सगळे विसरतात. काढणारा माणूस बहुधा तुम्ही नसाल, आणि मोठ्या कुलपाच्या वेळी सर्वाधिक वेळ गेला तो कोण कशासाठी त्यावर अवलंबून आहे हे शोधण्यातच. नुसतं ‘नंतर दुरुस्त करू’ असं लिहिलेली कॉमेंट रिव्ह्यूमध्ये परत पाठवा.